जुन्या आवृत्तीचे दामूकाका

आमच्या दाराचं बिजागर बदलायला सुतार आला, तेव्हा शेजारचे दामूकाका भरल्या ताटावरून उठून आले. उष्टा हात तसाच हवेत धरून त्यांनी सुताराला विचारलं, "ह्यानं दुसरं काय मोडंल?"

"काय नाय मोडत."

"नाय कसं? दार सरळ झालं की खाली फरशीला घासंल. बघितलंस का?"

सुतारानं दार उघडून-मिटून दाखवलं. दहा-बारा वेळा. मग काका जेवायला परत गेले आणि तिथे शेवंताकाकूंना विचारू लागले, की आज आमटीत कोकम जास्त पडलंय, ते कालच्या उरलेल्या भाताला चालेल का.

दामूकाका आधी वाशिंदच्या एका कारखान्यात कॉम्प्युटर सांभाळायचे. निवृत्त होऊन किन्हवलीला आले आणि एका विचित्र कामात अडकले. लहान दवाखान्यांत औषधांची नोंद ठेवायचा एक प्रोग्राम आहे. तो कुणाच्या मालकीचा नाही. देशोदेशीची माणसं तो हौसेनं लिहितात, कुणीही वापरावा, कुणीही सुधारावा. त्यातली हुशार मंडळी नवी आवृत्ती घडवण्यात दंग असतात. काका जुनी सांभाळतात. कारण नवी आवृत्ती नव्या कॉम्प्युटरवरच चालते, आणि आमच्यासारख्या गावातल्या दवाखान्यातला कॉम्प्युटर सुरू करून चहा पिऊन आलं तरी अजून उघडतच असतो.

नव्या आवृत्तीत एखादी चूक दुरुस्त झाली, की ती दुरुस्ती जुन्यातही आणावी का, हे काका ठरवतात. त्यासाठी ठेवलेल्या यादीत तिचं नाव सुचवायचं, कारण लिहायचं, दोघांचे होकार मिळाले की जुन्यात बसवायची. नवी सोय, नवी नटवानटवी जुन्यात आणायला बंदी. एकानं रंगीत बटणं सुचवली, तेव्हा काकांनी त्याला कळवलं, "रंगानं ताप उतरत नाय." हे त्यांनी इंग्रजीत कसं लिहिलं, देव जाणे.

मी गावातल्याच एका दवाखान्यात औषधं देते. मागच्या महिन्यात डोळखांबकडच्या एका पाड्यावरची बाई दोन तापलेली पोरं घेऊन आली. थोरली चौदा किलोची, धाकटा सात. गडबडीत मी धाकट्याच्या नावापुढे थोरलीचं वजन टाकलं, लगेच खोडून सात केलं. पडद्यावर वजन बदललं. औषधाची मात्रा मात्र चौदा किलोचीच राहिली. चिठ्ठी छापून बाटलीवर चिकटवली आणि बाईच्या हातात देता देता माझी नजर आकड्यावर पडली. बाटली तशीच मागे ओढली मी.

संध्याकाळी काकांना सांगितलं. ते ओटीवर बसले होते, ते उभे राहिले.

"दिलंस?"

"नाही, काका."

"नक्की नाय दिलंस?"

असं तीनदा विचारून झाल्यावर ते पुन्हा बसले. "आणि दुसऱ्या कुठं कुणी दिलं असंल तर?"

नव्या आवृत्तीत ही चूक आधीच दुरुस्त झाली होती. तिथे तिचं नाव कुणीतरी 'पडदा ताजा होत नाही' असं ठेवलं होतं. "मी वाचलं होतं गो," काका म्हणाले. "म्हटलं पडद्याचंच काय आहे, आणि पुढं गेलो."

त्यांनी त्या दिवशीच सगळ्यांना इशारा धाडला, की वजन बदललंत तर मात्रा हातानं मोजा. मग दुरुस्तीला बसले. नव्यातली दुरुस्ती एका ओळीची, पण जुन्यात ती ओळच नव्हती. हिशोब भलतीकडेच होत होता. तीन दिवस काकांनी दाढी केली नाही. काकू माझ्याकडे येऊन म्हणाल्या, "आंघोळीला पाणी काढलं तर इचारतात, बदललेलं वजन कुठं साठवतंस?"

अखेर दुरुस्ती बसली. काकांनी यादीत नाव सुचवलं. पहिला होकार कुठल्याशा बर्फाच्या देशातल्या बाईंचा आला, एका शब्दाचा. दुसरा हवा होता जुन्या कॉम्प्युटरवर प्रत्यक्ष चालवून बघणाऱ्याचा. शनिवारी दुपारी जुनी आवृत्ती बाहेर पडणार होती. ती गाडी चुकली, की पुढची तीन महिन्यांनी.

"मी चालवते की," मी म्हटलं.

"शेजारी नि नातेवाईक चालत नाय. नियम आहे."

"कुणाचा?"

"माझाच."

मुरबाडकडे एका दवाखान्यात मंगल सिस्टर होत्या, तिथेही हीच जुनी आवृत्ती. त्यांना फोन करा म्हटलं, तर काकांचा चेहरा उतरला. शुक्रवार आला तरी ते फोन हातात घेऊन ओटीवर येरझाऱ्या घालत होते. शेवटी त्यांच्या हातातून फोन घेऊन मीच लावला, आणि माझ्या परसात गेले.

"दामूकाकांकडून? बरे आहेत ना?" सिस्टर म्हणाल्या. मग जे सांगितलं ते मला ठाऊकच नव्हतं. दोन वर्षांपूर्वी काकांनी बसवलेल्या एका दुरुस्तीनं त्यांच्याकडे औषधाच्या चिठ्ठ्या छापणंच बंद पडलं. दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीनं काका हजर. दुरुस्ती होईपर्यंत पाच दिवस ते खिडकीशी बसून हातानं चिठ्ठ्या लिहीत होते. ज्यांना वाचता येत नाही त्यांच्या पाकिटावर सकाळच्या गोळीला सूर्य, रात्रीच्या गोळीला चंद्र काढून देत होते.

"मला म्हणाले, कंपनीनं पाठवलंय." सिस्टर हसल्या. "आमाला काय कळत नाय? दर अर्ध्या तासानं माफ करा म्हणणारा माणूस कुठल्या कंपनीचा असतो? आणि सांगा त्यांना, इथल्या म्हाताऱ्या अजून इचारतात, तो चंद्र काढणारा बाबा परत का नाय आला."

सिस्टरनी त्याच दुपारी जुन्या कॉम्प्युटरवर वीस खोटी पोरं तयार केली, त्यांची वजनं पुन्हा पुन्हा बदलली आणि लिहून कळवलं: मात्रा बरोबर येते. शनिवारी आवृत्ती बाहेर पडली. इशाऱ्याला सगळीकडून उत्तरं आली, कुठे कुणाला चुकीच्या मात्रेचं औषध गेलं नव्हतं.

मी सिस्टरांचा निरोप सांगितला. काका बराच वेळ चष्मा पुसत राहिले.

"रागात नाय वाटल्या?"

"हसत होत्या."

"दोन वर्षं झाली गो," ते म्हणाले. "मुरबाडची गाडी दिसली की मी तोंड फिरवायचो. वाटायचं, आतून कुणीतरी ओळखंल."

सोमवारी सकाळी मी कामावर निघाले तेव्हा काका स्टँडवर उभे होते. दाढी केलेली, शर्टाला इस्त्री, काखेत लॅपटॉप नाही. मुरबाडची एसटी आली. मला वाटलं, कंडक्टरला काहीतरी विचारतील. त्यांनी काही विचारलं नाही. चढले, आणि खिडकीशी जाऊन बसले.