हेडक्लार्कसाहेबांचं तळं

पाणीपुरवठ्याच्या कचेरीत दर शनिवारी कूलरशेजारी एक यादी लागे. कोणी आपल्या कॉम्प्युटरवर आठवडाभरात काय उघडलं आणि किती वेळ, याची. ही टूम हेडक्लार्कसाहेबांचीच. यादी ते स्वतः चिकटवत आणि मग एकेकाला टेबलाशी बोलावून त्याची हजेरी घेत. आपल्या नावापुढे काय लिहिलंय ते मात्र त्यांनी कधी वाचलं नव्हतं. तिथं वाचण्यासारखं काही नसायचंच.

त्या शनिवारी कूलरपाशी गर्दी होती, पण पाणी कोणीच पीत नव्हतं.

"साहेब," टायपिस्टबाई शक्य तितक्या हळू म्हणाल्या, "तुमच्या नावापुढं 'राज्य उभारा' आहे. सहा तास दहा मिनिटं."

हेडक्लार्कांच्या तोंडचं पाणी पळालं. मागच्याच शनिवारी याच खेळापायी त्यांनी बाईंना सगळ्यांसमोर फैलावर घेतलं होतं आणि पुरावा म्हणून तो आपल्या कॉम्प्युटरवर घेतला होता. उघडून पाहिला तर सुरुवातीलाच एक तळं. त्यात होडी, होडीमागं बदक. तळ्याकाठी राजवाडा बांधायचा, शत्रू हरवायचे, बक्षिसं मिळवायची, असं बरंच काही पुढं होतं म्हणे. हेडक्लार्क होडीत बसले ते उतरलेच नाहीत. वल्हं मारलं की बदक मागून येई, थांबलं की थांबे. नळाला पाणी नाही म्हणून दिवसभर भांडणारी माणसं ऐकल्यावर एवढं पाणी आणि तक्रार एकही नाही, याचं त्यांना फार सुख वाटे.

"तपासणी चालली होती!" ते घाईघाईनं म्हणाले. "हा खेळ किती घातक आहे, ते बघत होतो."

"असं होय," ओव्हरसियर म्हणाला. "मग कितव्या लेव्हलला पोचलात?"

"पहिल्या."

कोणी हसलं असतं तर बरं झालं असतं. पण सगळ्यांनी हळहळून एकमेकांकडं पाहिलं.

"सहा तासांत पहिली?" टायपिस्टबाईंना खरंच वाईट वाटलं. "अहो, माझी भाची पाच वर्षांची आहे, ती दहा मिनिटांत पार करते."

हेडक्लार्कांचे कान तापले. खेळलो म्हणून वाटत होती, तिच्या दुप्पट लाज आता वाटू लागली. हाती घेतलेलं काम तडीस न्या, असं रोज बजावणारा माणूस तो! "नेट स्लो आहे माझ्याकडं," त्यांनी सांगितलं आणि तिथंच फसले. नेट बघायला ओव्हरसियर लगेच त्यांच्या खुर्चीत जाऊन बसला.

"साहेब, नेट झकास आहे. पण तुम्ही तर एक वीटसुद्धा रचली नाही!"

गलका ऐकून मोठे साहेब केबिनबाहेर आले. आता आपलं काही खरं नाही, असं समजून हेडक्लार्क मान खाली घालून उभे राहिले. मोठ्या साहेबांनी स्क्रीन पाहिली आणि कपाळाला आठ्या घातल्या.

"रस्ते खात्याचा हेडक्लार्क बेचाळिसाव्या लेव्हलला आहे, ठाऊक आहे? आपल्या खात्याची काही अब्रू आहे की नाही? मदत करा रे यांना!"

तेवढ्यात खिडकीशी एक आजीबाई रिकामी कळशी घेऊन भांडायला आल्या. त्यांची समजूत घालून हेडक्लार्क परतले, तेव्हा जेवणाची सुट्टी संपली होती आणि सगळी कचेरी त्यांच्या टेबलाभोवती टाळ्या वाजवत होती. स्क्रीनवर सात मजली राजवाडा झळकत होता.

"तळं?" त्यांनी विचारलं.

"बुजवलं," ओव्हरसियर अभिमानानं म्हणाला. "राजवाड्याला जागा नको?"

"आणि बदक?"

"ते देऊन टाकलं. बदल्यात बुरूज मिळाला. चांगला सौदा झाला, साहेब!"

सगळ्यांचे चेहरे इतके आनंदले होते की हेडक्लार्कांच्या तोंडून "आभारी आहे" निघून गेलं. निघालं मात्र, आणि त्यांना अशी लाज वाटली की सकाळपासूनची सगळी तिच्यापुढं फिकी पडली. बदकासाठी आपण चकार शब्द काढला नाही, आणि वर आभार मानले!

"आता मागं पडायचं नाही," मोठे साहेब त्यांच्या खांद्यावर थाप मारत म्हणाले. "आठवड्याला दोन लेव्हल. सोमवारी प्रगतीचा अहवाल माझ्या टेबलावर पाहिजे."

"हो साहेब," हेडक्लार्क म्हणाले आणि नवी फाइल काढून तिच्यावर तारीख घालू लागले.