भाऊंचा चेहरा दिसला पाहिजे

द्रोणागिरीजवळच्या खाडीत नवशिक्या मुलांसाठी मोफत कयाक शिबिर घ्यायचे ठरले, तेव्हा सुरक्षेबाबत कोणतीही तडजोड करायची नाही, असा ठराव खाडीकाठ जलक्रीडा प्रतिष्ठानने एकमताने संमत केला. नोंदणी अर्जात टी-शर्टचा साइज भरणे बंधनकारक होते. शेजारच्या रकान्यात पोहता येते का, हे सांगणे ऐच्छिक होते.

टी-शर्टच्या छातीवर प्रतिष्ठानचे आधारस्तंभ हौसेरावभाऊ हात जोडून छापलेले होते.

रविवारी सकाळी चाळीस मुले रांगेत उभी राहिली. प्रशिक्षक कमळाकर यांनी प्रत्येकाला लाइफ जॅकेट चढवले, बकल लावले, पट्टे ओढून पाहिले. तेवढ्यात प्रतिष्ठानचे सचिव राजवर्धन धावत आले.

"कमळाकर, भाऊ कुठायत?"

"अजून आले नाहीत."

"छातीवरचे म्हणतोय मी! सगळे झाकून टाकलेत तुम्ही. ड्रोनवाला तयार आहे आणि चाळीस पोरांवर एक भाऊ दिसत नाही."

जागेवरच बैठक झाली. जॅकेट काढून टाकण्याची सूचना राजवर्धन यांनी स्वतःच फेटाळली, कारण ठराव झालेला होता. मग जॅकेटवरून टी-शर्ट चढवून पाहिला. तो काखेत अडकला आणि भाऊ आडवे ताणले जाऊन ओळखू येईनात. म्हणजे दोष जाडीचा होता, आणि जाडी फोमची.

"फोम काढल्यावर तरंगणार कसं?" कमळाकर म्हणाले.

"वजन कमी झालं ना? हलकं झालं की जास्तच तरंगणार. टेन्शन काय घेता!"

कमळाकर यांचे कंत्राट पुढच्या महिन्यात संपत होते. त्यांनी कटर मागवला.

अकरा वर्षांच्या उन्नतीला पोहता येत नव्हते. "आई, हे नुसतं पिशवीसारखं लागतंय," ती म्हणाली. तिच्या आईने, सुचिताने, टी-शर्ट नीट खाली ओढला. "किती छान बसलाय बघ आता! सर आहेत ना तिथे. हस, फोटो काढते."

काठाला होडी लावून जाळे निवडणाऱ्या शकुबाईंनी ते जॅकेट चिमटीत धरून पाहिले. "यान काय भरलाच नाय गो! पोर बुरल ना."

"आजी, बुडेल कशी? तुमच्या अंगावर तर जॅकेटच नाही," राजवर्धन म्हणाले. "आम्हाला सेफ्टी शिकवू नका."

कयाक पाण्यात गेल्या. भाऊ आले. त्यांनी काठावरून हात जोडले. ड्रोनसाठी मुलांनीही हात जोडावेत, अशी ध्वनिक्षेपकावरून सूचना झाली. हात जोडायचे तर वल्हे सोडावे लागते. मुले आज्ञाधारक होती.

ओहोटी सुरू झाली होती. उन्नतीची कयाक आडवी फिरली आणि उलटली. जॅकेटच्या कापडाने भराभर पाणी पिऊन घेतले. सुचिता किंचाळली. सगळे स्वयंसेवक शिट्ट्या फुंकू लागले. शिट्ट्या नियमानुसार प्रत्येकाला दिलेल्या होत्या.

शकुबाईंनी होडी ढकलली आणि दोरी बांधलेला तेलाचा रिकामा कॅन फेकला. "धर गो बाय! मिठी मार त्याला!" उन्नतीने मिठी मारली. शकुबाईंनी तिला वेणीला धरून होडीत ओढले.

चौकशी समितीचा अहवाल आठवड्याभरात आला. घटनेच्या वेळी जॅकेटचा वापर शंभर टक्के होता. टी-शर्टवरील छपाई खाऱ्या पाण्यातही फिकी पडली नाही. अप्रमाणित कॅन वापरल्याबद्दल शकुबाईंना लेखी समज देण्यात आली.

ड्रोनचा तो व्हिडिओ तुमच्या सोसायटीच्या ग्रुपवरही आला होता. तुम्ही त्याखाली 'लाज वाटली पाहिजे यांना' असे लिहून तो आणखी तीन ग्रुपवर पाठवलात.

पुढच्या शिबिराची यादी आज लागली. तुमच्या मुलीचे नाव सातवे आहे. साइज तुम्ही मीडियम भरला आहे. शेजारचा रकाना कोरा आहे.