आमसुली धूर

विहारातल्या बैठकीत मी गप्प बसलो असतो तर काहीही झालं नसतं. बुद्ध पौर्णिमेच्या मिरवणुकीत मूर्तीसाठी दरवर्षी येणारा टेम्पो त्या वर्षी, म्हणजे सत्त्याण्णवच्या भर लग्नसराईत, कुणाच्या तरी वऱ्हाडाने आधीच ठरवून टाकला होता. ‘‘आता गाडी कुठून आणायची?’’ असं अध्यक्ष सोपानराव म्हणाले आणि सगळे जण सतरंजीकडे बघू लागले. (ऐन वेळी सतरंजीकडे बघायची कला मला वीस वर्षं सरकारी नोकरी करूनही साधलेली नाही.) मी म्हणालो, ‘‘आपली जीप आहे की!’’

टाळ्या पडल्या. मला बरं वाटलं. ते बरं वाटणं घरी पोहोचेपर्यंत टिकलं.

ही जीप म्हणजे एका कंत्राटदाराने वैतागून विकलेली आणि मी हौसेने घेतलेली जुनी जपानी गाडी. टर्बो डिझेल. पाटबंधारे खात्यातल्या कारकुनाला टर्बो कशाला हवा, असं आमच्या हिने, म्हणजे प्रज्ञाने, पहिल्याच दिवशी विचारलं होतं. ‘‘डोंगर चढायला,’’ मी म्हणालो होतो. श्रीरामपुरात डोंगर नाही, ही माहिती तिने मला लगेच पुरवली होती.

त्या रात्री जेवताना तिने विचारलं, ‘‘मूर्तीच्या मागे कोण चालतं, माहीत आहे ना?’’

‘‘महिला मंडळ.’’

‘‘काय नेसून?’’

‘‘पांढऱ्या सा...’’ एवढं म्हणालो आणि हातातला घास परत ताटात ठेवला.

साठ बायका, साठ पांढऱ्याशुभ्र साड्या आणि त्यांच्या पुढे माझी जीप. ही जीप उभी असताना गरीब दिसते, पण पायाखालचं ऍक्सिलरेटर दाबलं की मागून काळाकुट्ट धूर सोडते. त्यातून प्रज्ञा त्या वर्षी पहिल्यांदाच मंडळाची अध्यक्ष झाली होती. ‘‘माझी अब्रू तुम्ही त्या गाडीला बांधून आलात,’’ ती म्हणाली. ती ओरडली असती तर मला झोप लागली असती. पण ती हळू बोलली.

मिरवणुकीला पाच दिवस होते. सकाळी उठून मी बाबाजान मिस्त्रींचं गॅरेज गाठलं. बाबाजान साठीचे, पांढऱ्या दाढीचे आणि फार कमी बोलणारे. त्यांनी जीपभोवती एक फेरी मारली.

‘‘सायेब, धुराचा रंग काय हाय?’’

‘‘म्हणजे?’’

‘‘काळा आसंल तर डिझेल जास्ती, हवा कमी. पांढरा आसंल तर पानी, न्हाईतर कच्चं डिझेल. आन् निळा आसंल, तर आईल जळतंय. म्हंजे टर्बो गेलं.’’

‘‘काळाच असणार.’’

‘‘आसनार न्हाई. बघून सांगा. चालत्या गाडीचा, वझं पडल्यावर.’’

आता गाडी चालवणाऱ्याला स्वतःच्या गाडीचा धूर दिसत नाही. मी मान बाहेर काढून बघायचा प्रयत्न केला आणि नेवासा रस्त्यावर एका कडब्याच्या बैलगाडीवाल्याकडून माझ्या घराण्याविषयी बरंच ऐकून घेतलं. शेवटी प्रज्ञाला गळ घातली. मी जीपमध्ये पुढे, ती तोंडाला पदर बांधून लुनावर मागे. पाच मैल गेलो आणि आलो. मग दोघं गॅरेजात हजर.

‘‘बोला बाई,’’ बाबाजान म्हणाले. ‘‘रंग?’’

‘‘आधी राखी होता,’’ प्रज्ञा म्हणाली. ‘‘मग गडद राखी. रेल्वे फाटकाच्या चढाला मात्र आमसुली.’’

बाबाजानांनी माझ्याकडे बघितलं.

‘‘म्हंजे काळा का निळा?’’

‘‘काळा नाही हो. काळ्यात एक लालसर झाक असते ना, ती होती. आणि उन्हात गेला की कडेने मोरपंखी.’’

‘‘मोरपंखीत निळा येतो?’’

‘‘येतो की! निळा आणि हिरवा.’’

‘‘हिरवा धूर म्या चाळीस सालात बघितला न्हाई,’’ बाबाजान म्हणाले. ‘‘पर बाई म्हनत्यात निळा, तर आईलच. टर्बो खोलावं लागंल. सामान म्हमईहून येनार. आठ-धा दिस.’’

मी प्रज्ञाकडे बघितलं. (साडीच्या दुकानात मला दोनच रंग दिसतात, लाल आणि दुसरा. त्याबद्दल मी आजवर बोलणी खात आलोय. त्या दिवशी पहिल्यांदाच वाटलं, दोन रंग दिसणारी बायको असती तर किती बरं झालं असतं!) सोपानरावांना जाऊन नाही सांगावं, तर त्यांनी मिरवणुकीची पत्रकं वाटलेली. खाली ‘वाहन सौजन्य : सहादेवराव’ असं छापलेलं. ते पत्रक मी खिशात घेऊन फिरत होतो आणि दर तासाला काढून बघत होतो, की माझं नाव पुसट झालं का.

मिरवणुकीच्या आदल्या दिवशी सकाळी बाबाजान स्वतःच घरी आले. रात्रभर विचार करूनही मोरपंखी धूर त्यांच्या गळी उतरत नव्हता.

‘‘सायेब, बाईंच्या डोळ्याचं ऱ्हाऊ द्या. आपन कपड्याला इचारू. पांढरा सवच्छ कपडा सायलेन्सरच्या तोंडाशी धरा, म्या इंजन रेज करतो. त्येलकट डाग पडला तर टर्बो. कोरडी काजळी पडली तर आपन वाचलो.’’

वाचलो, हा शब्द ऐकताच मी धावलो. दोरीवर पांढरं काहीतरी वाळत होतं. ते ओढलं, चार पदरी घडी केली आणि सायलेन्सरशी उकिडवा बसलो. बाबाजानांनी इंजिनाचा असा आवाज काढला की शेजारच्या विमलबाई बाहेर आल्या.

कापडावर भाकरीएवढा काळा डाग पडला. बाबाजानांनी उतरून त्यावर बोट फिरवलं.

‘‘कोरडी! सायेब, कोरडी काजळी! टर्बो सलामत हाय!’’

मी आनंदाने ते कापड वर धरून झेंड्यासारखं हलवलं. तेव्हा त्याला बारीक जरीचा काठ आहे, हे माझ्या लक्षात आलं.

‘‘आगं बया,’’ विमलबाई कुंपणापलीकडून म्हणाल्या, ‘‘ही तर प्रज्ञाची उद्याची साडी! काल लई जीव लावून खळ केली हुती तिनं.’’

बाबाजान जीपखाली शिरले. तिथे त्यांचं काम होतंच, पण जरा घाईने शिरले. टर्बोकडून इंजिनाला हवा नेणारा जाड रबरी पाईप खालच्या बाजूने चिरलेला निघाला. हवा तिथूनच पळत होती. त्यांनी पाण्याच्या मोटारीच्या पाईपचा तुकडा बसवला, दोन क्लिपा आवळल्या आणि इंजिन पुन्हा रेज केलं. मागे नावाला धूर नव्हता. सगळं काम अर्ध्या तासाचं होतं.

उरलेला दिवस मी साडी धूत होतो. साबण, सोडा, लिंबू, रॉकेल. डाग निघाला नाही, फक्त त्याला रॉकेलचा वास लागला. प्रज्ञा विहारातली तयारी आटोपून आली तेव्हा मी बादलीशी बसलो होतो. मला खरंच रडू येत होतं. तिने साडी उलगडली, डाग बघितला, मग मला बघितलं.

‘‘विमलबाईंची एखादी मागून आणू?’’ मी विचारलं.

‘‘नको. हीच नेसणार.’’

‘‘अगं, लोक विचारतील!’’

‘‘विचारू देत की. मी सांगणार आहे.’’

आणि तिने सांगितलं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी जीप शहाण्या गाईसारखी चालली. आरशात एकोणसाठ पांढऱ्या साड्या तशाच पांढऱ्या राहिल्या होत्या. त्यांच्या पहिल्या ओळीत प्रज्ञा, पदरावरचा काळा डाग नीट पुढे घेऊन. चौकाचौकात कुणीतरी तिच्याशी येऊन बोले, ती हाताने जीपकडे दाखवी आणि तो घोळका हसे. विहाराशी पोहोचेपर्यंत निम्मं श्रीरामपूर हसून झालं होतं. तरीही मला वाटत होतं, गाडी तर आपलीच ना. आभाराच्या वेळी काय ते कळेल.

मूर्ती उतरवली, वंदना झाली, सोपानरावांनी माइक हाती घेतला.

‘‘मिरवणुकीचं वाहन एका दिवसात ठणठणीत करून देणाऱ्या बाबाजान मिस्त्रींचे जाहीर आभार!’’ टाळ्या.

‘‘आणि त्या कामासाठी स्वतःची नवी साडी देणाऱ्या प्रज्ञाताईंचे तर मानावे तेवढे थोडे!’’ फार मोठ्या टाळ्या. बायका उभ्या राहिल्या.

मी सदरा खाली ओढला, केसांवरून हात फिरवला आणि चेहरा शक्य तितका विनम्र केला.

‘‘आणि आपले सहादेवराव...’’ सोपानराव थांबले. सगळं विहार माझ्याकडे बघू लागलं. ‘‘सहादेवराव, ती जीप तेवढी दारातून बाजूला घ्या, बायकांना चपला सापडत नाहीत.’’