तुपाची डबी

सोनालीला बघायला येणारी मंडळी घरी यायलाच तयार नव्हती, हा बन्सीलालच्या डोक्याला पहिला ताप. मुलगा धर्मेंद्र सुरतेजवळच्या इच्छापोरच्या कारखान्यात सुपरवायझर. त्याने एसटीडी बूथवरून कळवलं होतं, "पोहेबिहे नको काका, कुठेतरी पिझ्झा खाऊ." मग सोनालीनेच बमरोलीच्या नाक्यावरचं भूपेंद्रभाईंचं दुकान सुचवलं.

भूपेंद्रभाईंनी एकदा कुठल्याशा तबेल्यात वासराचे हाल पाहिले आणि त्या दिवसापासून दूध, लोणी, चीज, तूप सगळं सोडलं. स्वतःपुरतंच नाही, दुकानातूनही हद्दपार. त्यांच्या पिझ्झ्यावर शेंगदाण्याची दाट चटणी नि सिमला मिरची असायची, आणि लोक आवडीने खायचे. सोनालीच्या आईने, सरलाबाईंनी, मात्र हे ऐकून कपाळाला हात लावला.

"पाव्हनासले बिनतूपनं वाढानं? लोके काय म्हनतीन!" असं म्हणत त्यांनी नवऱ्याच्या खिशात घरच्या तुपाची डबी सारली. हॉटेलची पायरी न चढण्याचा त्यांचा नेम होता, म्हणून त्या घरीच राहिल्या.

पिझ्झे आले. धर्मेंद्र आणि त्याचे आईवडील, कुसुमबाई नि पांडुरंगराव, हात धुवायला उठले. तेवढ्यात बन्सीलालने तिघांच्या पिझ्झ्यावर सढळ हाताने धार सोडली.

"पप्पा!" सोनाली दबक्या आवाजात म्हणाली.

"गप ऱ्हाय," म्हणत त्याने डबी घाईघाईने खिशात कोंबली.

घरचं तूप गरम पिझ्झ्यावर पडल्यावर गप्प थोडंच बसतंय! पाहुणे परत येऊन बसतात न बसतात तोच वास दुकानभर झाला. भूपेंद्रभाई नाक वर करून भटारखान्यातून बाहेर आले.

"घीनो वास क्यांथी आवे छे?"

"रस्त्यावरून येत असेल, भाई," बन्सीलाल बोलून गेला आणि तिथेच फसला.

कारण भूपेंद्रभाई थेट आचारी मगनवर घसरले. मगनने आईची शपथ घेतली. तरी भूपेंद्रभाईंनी गिऱ्हाइकांपुढे हात जोडले. "भाईओ, आजे भूल थई गई. कोई खाशो नहीं." कणकेतच तूप गेलं असणार म्हणून मळलेली सगळी कणीक टाकून द्यायला त्यांनी मगनला फर्मावलं. मगन डोळे पुसत परात उचलून निघाला. बन्सीलालला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण पोरीचं लग्न त्या टेबलावर टांगलेलं, तोंड उघडेना.

"भाऊ," कुसुमबाई हळूच म्हणाल्या, "तुमना खिसा गळी ऱ्हायना."

पांढऱ्या शर्टावर खिशापासून पोटापर्यंत पिवळा ओघळ आला होता.

"परात ठेव, मगन," बन्सीलाल मान खाली घालून म्हणाला. "तूप मीच आणलं."

भूपेंद्रभाई ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं, असं बन्सीलालला वाटलं. खरं कळल्यावर आता अन्न टाकायचं नाही, ज्याने तूप घातलं त्यानेच ते संपवायचं, पण दुकानात नाही, एवढंच सांगून त्यांनी तिन्ही प्लेटा त्याच्या हातात दिल्या आणि बाहेरची पायरी दाखवली.

पांडुरंगरावांनी सुस्कारा सोडला. "बरं व्हयनं! दोन वरीस व्हयनात, डाक्टरनी मनं तूप बंद कयं. पन जठे पोर देखाले जावो, तठे लोके बयजबरी धार सोडतस. आज पहिलांदा बिनतूपनं ताट दखं, नि तुम्ही बी तेच कयं!"

त्यांनी नवे पिझ्झे मागवले, आणि बन्सीलाल प्लेटा घेऊन बाहेर जाऊन बसला. थोड्या वेळाने आतून त्यांचा आवाज आला, "पोर पसंत शे. साखरपुडा बी आठेच करूत!" पाठोपाठ सोनालीचं हसू ऐकू आलं.

बाहेर पायरीवर बन्सीलालचा दुसरा पिझ्झा संपत आला होता. शेजारचा धुडकू पाळीवरून परतताना सायकल थांबवून बघत राहिला.

"काय बन्सीभाऊ, व्याहीसनी बाहेर बसाडं का?"

तोंडात घास होता. बन्सीलालने नुसती मान हलवली आणि तिसरी प्लेट पुढे ओढली.