मामंजींच्या मिशा

चौकटीवर शंख बसवावेत तर ते मीच! आता हात थरथरतात, चष्म्याशिवाय सुईचं भोक दिसत नाही. पण माझ्या तरुणपणी मी केलेली चौकट बघायला अख्खी शाळा उठून उभी राहिली होती. काही जण तर बाकांवर चढले होते!

माझे सासरे, म्हणजे मामंजी, मुख्याध्यापक होते. ते निवृत्त व्हायचे होते आणि निरोप समारंभात त्यांचा मोठा फोटो शाळेला भेट द्यायचा होता. चौकट कोण करणार? सासूबाईंनी थोरल्या जाऊबाईंकडे पाहिलं. जाऊबाईंच्या भरतकामाने घरातली एकही भिंत मोकळी सोडली नव्हती. मला मात्र सासूबाईंनी साधं बटणसुद्धा कधी लावायला दिलं नव्हतं. "हिच्या हाताला गुण नाही," असं त्या पाहुण्यांना सांगत, आणि मी चहाचा ट्रे घेऊन तिथंच उभी असे!

"चौकट मी करते," मी म्हणाले.

"तू?" जाऊबाई हसल्या. "बघा हं सासूबाई! गोगलगाय अन् पोटात पाय!"

शाळेमागचं तळं उन्हाने आटलं होतं. भेगाळलेल्या चिखलात गोगलगाईंचे शंख रुतून बसले होते. गोल, तपकिरी, पट्ट्यापट्ट्यांचे, लिंबाएवढे! प्रत्येकाच्या तोंडाला घट्ट झाकण. आतला मालक कधीच गेला असणार, असं मी धरून चालले. कोरड्या फडक्याने शंख पुसले, कणकेची दाट खळ शिजवली आणि एकेक शंख दाटीवाटीने चिकटवला. मधे काचेआड मामंजी असे शोभत होते, की राजाने गादी सोडावी!

समारंभाच्या सकाळी जाऊबाईंनी नाक मुरडलं. "शंख मळकट दिसतायत गं."

मी काय ऐकून घेते! मोठा टॉवेल पाण्यात बुचकळला, अख्खी चौकट त्यात गुंडाळली आणि दुपारपर्यंत तशीच ठेवली. उघडली तर शंख असे लखलखत होते, जणू आत्ताच तळ्यातून काढलेत! वर जाडसर कापड टाकलं आणि चौकट शाळेत रवाना केली.

सभागृह खच्चून भरलं होतं. शिक्षणाधिकारी साहेबांचं भाषण संपता संपेना. तेवढ्या वेळात मी डावीकडच्या बाईंना सांगितलं, उजवीकडच्या बाईंना सांगितलं, "चौकट माझी बरं का!" शेवटी साहेबांनी कापड ओढलं.

टाळ्या सुरू झाल्या आणि मधेच थांबल्या.

मामंजी जन्मभर दाढीमिशा सफाचट ठेवणारे. फोटोत त्यांना दणदणीत मिशा होत्या! आणि मिशा चालत होत्या! डावी ओठाकडे निघाली होती, उजवी कानाकडे. खळ विरघळली होती आणि उरलेली शंखांची पलटण ती मिटक्या मारत खात होती!

"अरे, हे काय आहे?" साहेब किंचाळले. त्यांच्या बाहीवर एक गोगलगाय शिंगं काढून त्यांनाच न्याहाळत होती. साहेब टेबलावर, पोरं बाकांवर!

"जिवंत आहेत!" शास्त्राचे मास्तर आनंदाने ओरडले. "उन्हाळाभर दार लावून झोपतात या! पाणी लागलं की उठतात! कुणाची ही चौकट?"

"यांची बरं का!" डावीकडच्या आणि उजवीकडच्या बाई एका सुरात म्हणाल्या.

धरणी दुभंगली असती तर मी आधी जाऊबाईंना ढकलून मग स्वतः उडी मारली असती. तेवढ्यात मामंजी उठले. फोटोकडे बघितलं आणि गडगडाटी हसले. "मी निवृत्त झालो आणि या रुजू झाल्या!"

सगळं सभागृह हसत सुटलं. टेबलावरचे साहेबही! मास्तर बादली आणायला धावले. आणि सासूबाई सरळ माझ्याकडे चालत आल्या. मी डोळे मिटले.

"हिच्या हाताला गुण नाही असं मी म्हणायचे ना?" त्या सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या. "चुकले मी! मेलेलं उठवते ही!"

काय सांगू तुम्हाला! त्या दिवशी माझे पाय जमिनीला लागत नव्हते. जाऊबाईंचं तोंड तर बघण्यासारखं झालं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळीच सासूबाईंनी मला खास हाक मारली. घरातलं पहिलं जबाबदारीचं काम! मी पदर खोचून हजर झाले. त्यांनी माझ्या हातात एक ओला टॉवेल ठेवला.

"तुझा नवरा अजून उठला नाहीये. बघ बाई, तुझ्या हाताला गुण आहे."

ते काम पुढे जन्मभर माझ्याकडेच राहिलं. गोगलगाई निदान दुपारपर्यंत उठल्या होत्या हो!