मोठ्या चाकांची सायकल आणि वकिलांची दाढ

वकिलांच्या जबड्यात सुई टोचून झाली आणि डॉक्टरांना थोडा मोकळा वेळ मिळाला. पुढचं सगळं त्या मोकळ्या वेळात झालं.

दातांच्या दवाखान्यात असा वेळ रोजच मिळतो. औषध भिनायचं असतं, ओठ जड व्हायचा असतो. तोवर डॉक्टर हात धुतात, चष्मा पुसतात, काउंटरवर बसलेल्या बायकोला उगाचच "पुढचं कोण?" असं विचारून येतात. पण आज दवाखान्याच्या मागच्या बोळात मेहुणीची सायकल उभी होती आणि सकाळपासून डॉक्टरांचं अर्धं लक्ष तिच्याकडे होतं.

मेहुणी डोंगरातल्या झऱ्यांचं पाणी मोजायच्या कामावर होती. सकाळी जीप घ्यायला येणार म्हणून सायकल बहिणीकडे ठेवून ती निघाली, तेव्हाच डॉक्टरांनी तिला गाठलं होतं.

"केवढी ही चाकं!"

"एकोणतीस इंची आहेत भाऊजी. माझी जुनी सव्वीसची होती."

"तीन इंचांनी असा काय फरक पडतो?"

"मोठं चाक अडत नाही. दगड येऊ दे, मूळ येऊ दे, वरून निघून जातं. बसल्याशिवाय कळायचं नाही ते."

"मग बसू का?"

मेहुणीने त्यांच्याकडे डोक्यापासून पायापर्यंत पाहिलं. या पाहण्याला फार वेळ लागला नाही, कारण डॉक्टर अंगाने आटोपशीर होते. खुर्चीतल्या पेशंटच्या तोंडात बघायला त्यांना कधी वाकावं लागत नसे.

"बघा हवं तेवढं," ती म्हणाली, "पण बसू नका. माझ्या उंचीला लावलेली आहे."

आता डॉक्टरांचा स्वभाव असा, की सांगितलेली गोष्ट त्यांना पटायची, पण करून बघेपर्यंत पचायची नाही. बाजारात आलेली प्रत्येक टूथपेस्ट त्यांनी स्वतः खाऊन पाहिली होती. एकदा दातांचं नवं सिमेंट किती पक्कं बसतं हे पाहायला त्यांनी आपलेच दोन दात एकमेकांना चिकटवून घेतले होते आणि ते सुटेपर्यंत बायकोशी खुणांनी बोलले होते. अशा माणसाला "बसल्याशिवाय कळायचं नाही" हे वाक्य सांगून जाणं म्हणजे मेहुणीचीही थोडी चूकच.

आणि वकील? ते उंच, काटक, कोर्टात समोरच्याला बोलू न देणारे गृहस्थ. त्यांची खालची अक्कलदाढ पार किडली होती, पण दर वेळी खुर्चीत बसल्यावर ते पुढची तारीख मागून घ्यायचे. एकदा त्यांचा अशील आजारी पडला. एकदा त्यांना स्वतःला ताप असल्याचं आठवलं. मागच्या वेळी तर "या दाढेची बाजू अजून नीट ऐकून घेतलेली नाही," असं म्हणून ते उठून गेले होते. दाढ उपटायला त्यांची ना नव्हती. त्यांना धास्ती होती ती सुईची. आज त्यांनी डोळे गच्च मिटले, खुर्चीचे हात धरले, आणि ती एकदाची पार पडली.

"आता नुसतं पडून राहा," डॉक्टर म्हणाले. "हा आलोच मी."

बोळात येऊन त्यांनी आधी फक्त सायकल ढकलून पाहिली. मागच्या दाराचा उंबरठा चांगला उंच होता, औषधांची ट्रॉली त्याच्यावर रोज ठेचकाळायची. सायकलचं चाक त्यावरून असं गेलं, जणू तिथे उंबरठा नव्हताच. डॉक्टरांनी ती मागे घेतली, पुन्हा ढकलली. पुन्हा तेच.

"अरेच्चा!"

मग त्यांनी खाली बसून पाहिलं. लहान चाक उंबरठ्याला थेट जाऊन भिडलं असतं, हे मोठं मात्र त्याला वरच्या अंगाने गाठत होतं. हे डोळ्यांना दिसलं, पण बुडाला कसं जाणवतं, हा प्रश्न उरलाच. बोळाच्या कडेला पाण्याच्या टाकीचा ओटा होता. डॉक्टर ओट्यावर चढले, सायकल जवळ ओढली आणि नुसतं बसून पाहिलं. पाय लोंबकळत राहिले. उजवा पाय पेडलवर टेकला, तेवढ्यानेच ती पुढे सरकली. बोळ उताराचा होता.

पहिला काही वेळ फार सुखाचा गेला. बोळाच्या तोंडाशी गतिरोधक होता. डॉक्टरांनी दात आवळले, पण सायकल त्यावरून एखाद्या लाटेवरून जावी तशी वर गेली आणि खाली आली. पुढे फरसबंदीचा एक दगड उखडला होता, तिथेही काही नाही. डॉक्टर मुद्दाम खड्डे शोधायला लागले. "हाही गेला! तोही गेला!" असं ते मास्कच्या आत पुटपुटत होते. अंगात पांढरा कोट, तोंडावर मास्क आणि चेहऱ्यावर, म्हणजे जेवढा दिसत होता तेवढ्यावर, अपार आनंद.

वकिलांची आठवण झाल्यावर त्यांनी ब्रेक दाबला, आणि तेव्हा खरी गोम लक्षात आली. वेग कमी झाला की सायकल डुगडुगायची आणि पाय जमिनीपर्यंत पोचायचे नाहीत. डावीकडे झुकून पाहिलं, नाही. उजवीकडे झुकून पाहिलं, तिकडेही जमीन तेवढीच लांब. पडून मोकळं होता आलं असतं, पण पडताना माणूस हात पुढे करतो, आणि दातांच्या डॉक्टरला मनगटाशिवाय दुसरं भांडवल काय असतं? न थांबता चालवत राहायचं आणि धरायला काहीतरी उंच शोधायचं, एवढा एकच मार्ग उरला.

डाव्या हाताला लांबलचक भिंत आली. डॉक्टरांनी हात पुढे केला.

"ओ साहेब!" शिडीवरून रंगारी ओरडला. "रंग ओला आहे!"

डॉक्टरांनी हात चटकन मागे घेतला. सभ्य माणूस अडचणीतसुद्धा सभ्यच राहतो आणि त्यामुळे अडचणीतच राहतो. पुढे कोपऱ्यावर दिव्याचा खांब होता. तो मात्र त्यांनी सोडला नाही. डाव्या हाताने खांबाला मिठी घातली, पण थांबायचं आहे हे सायकलला कुणी सांगितलं नव्हतं. डॉक्टर खांबाभोवती गर्रकन फिरले, खांदा निखळायची वेळ आली तेव्हा मिठी सुटली, आणि ते सरळ जायच्या ऐवजी बागेच्या रस्त्याला लागले.

इकडे दवाखान्यात वकिलांचा ओठ जड झाला, हनुवटी जड झाली, जीभ अर्धी परकी झाली, तरी डॉक्टरांचा पत्ता नव्हता. ते उठून काउंटरवर आले. गळ्यात निळा कागदी रुमाल तसाच.

"डॉत्तल तुथं?"

बायकोने बोळात डोकावून पाहिलं. सायकल नव्हती. तिला सगळा उलगडा झाला, कारण ती डॉक्टरांबरोबर बरीच वर्षं संसार करत होती.

"वकीलसाहेब, दवाखाना सोडून मला जाता यायचं नाही. तुम्हीच त्यांना धरून आणा. उतारानेच गेले असतील. आणि जरा पटकन हं. बधिरपणा उतरला, तर पुन्हा सुई घ्यावी लागेल."

शेवटच्या वाक्याने वकिलांच्या अंगात वारं शिरलं. लांब ढांगा टाकत ते धावत सुटले आणि बागेच्या रस्त्यावर त्यांना डॉक्टरांची पाठ दिसली.

"थांवा! डॉत्तल, थांवा! फतला त्यांना! माथी दाल!"

रस्त्यावरच्या लोकांनी पाहिलं ते असं: पुढे कोट घातलेला एक डॉक्टर जिवाच्या आकांताने सायकल मारतो आहे, आणि मागे एक उंच माणूस, गळ्यात रुमाल, तोंडातून लाळ, हात पसरून काहीतरी भलतंच ओरडत धावतो आहे. कोण कुणापासून पळतो आहे, याबद्दल कुणाच्या मनात शंका उरली नाही.

"सरका, सरका! डॉक्टरांना वाट द्या!"

"अहो, वाट नका देऊ!" डॉक्टर ओरडले. "अडवा मला!"

"घाबरू नका डॉक्टर! आम्ही आहोत!"

एका बाईंनी कुत्र्याला कडेला ओढलं. भाजीची हातगाडी हां हां म्हणता बाजूला झाली. आयुष्यात प्रथमच सगळी गर्दी आपल्यासाठी दुभंगते आहे, आणि नेमकी आत्ता, हे पाहून डॉक्टरांना रडू यायचं तेवढं बाकी राहिलं. बागेच्या रखवालदाराने तर फाटक सताड उघडलं, डॉक्टर आत जाताच धाडकन लावून घेतलं आणि पाठ टेकून उभा राहिला.

"कुठं जायचं?" त्याने वकिलांना दरडावलं.

वकिलांनी आजवर मोठमोठ्या न्यायाधीशांसमोर तोंड उघडलं होतं. आता त्यांनी ते उघडलं आणि त्यातून "अअँथेथिया" असं काहीतरी निघालं. रखवालदाराने शिटी ओठांत धरली. तेव्हा कायद्याचा मार्ग सोडून वकील फाटक ओलांडून गेले. उंचीचा हा एक फायदा.

आत बागेतल्या पायवाटेवर झाडांची मुळं वर आली होती. डॉक्टर त्यांच्यावरून गेले आणि इतक्या संकटातही त्यांच्या मनाने नोंद घेतली, की मुळावरून जाताना फक्त एक हलकी उचकी लागते. मग समोर पायऱ्या दिसल्या. खाली तळ्याकडे उतरणाऱ्या, रुंद, दगडी. वळायला जागा नव्हती. भीती वाटली, आणि त्या भीतीच्या शेजारीच, अगदी खेटून, एक प्रश्न उभा राहिला: जाईल का?

डॉक्टर पेडलवर उभे राहिले, अंग मागे टाकलं आणि डोळे उघडे ठेवले. पेशंटला ते नेहमी डोळे मिटायला सांगत. पण हे त्यांना पाहायचंच होतं. ठक, ठक, ठक करत चाक एकेक पायरी उतरत गेलं, कुठेही अडलं नाही, आणि सायकल खालच्या वाटेला लागली.

"गेली!" डॉक्टर ओरडले. कुणीच ऐकायला नव्हतं, याचं त्यांना वाईट वाटलं.

तळ्याला वळसा घालून वाट पुन्हा चढाची झाली. चढावर वेग मंदावला, सायकल डगमगली, डॉक्टरांनी मनगटं छातीशी घेतली, आणि मागून कुणीतरी सीट घट्ट धरली.

"उतला," वकील धापा टाकत म्हणाले.

"उतरता येत नाही हो. पाय पोचत नाहीत. आणि तुम्ही सोडलंत तर मी पडेन. माझा हात मोडला, तर तुमची दाढ काढणार कोण?"

वकील थबकले. कोर्टात त्यांना पेचात पकडायचा प्रयत्न अनेकांनी केला होता, पण इतक्या सफाईने कुणाला जमलं नव्हतं. त्यांनी एक हात हँडलला, एक सीटला लावला, आणि ढकलायला सुरुवात केली. मधूनमधून ते ओठाला चिमटा काढून पाहत.

पायऱ्यांना वळसा घालून दोघं मुळांच्या वाटेवर आले.

"त्या मुळावरूनच घ्या," डॉक्टर म्हणाले.

"तशाला?"

"घ्या तर खरं. हँडल हातात आहे ना तुमच्या? बघा काय वाटतं."

वकिलांनी नाइलाजाने घेतलं. आणि ते थांबले. मुळाकडे मागे वळून पाहिलं, मग चाकाकडे.

"ताहीत नाही वातलं," ते म्हणाले.

"नाही ना! तेच तर!"

"फुना घेऊ या?"

पुन्हा घेतलं. डॉक्टर वर बसलेले, वकील ढकलणारे, एकाच मुळावरून मागे-पुढे, मागे-पुढे. शेवटी वकिलांना सुई आठवली आणि त्यांनी सायकल धावतच बाहेर काढली. फाटकाशी रखवालदाराची शिटी तोंडातच राहिली. आत जाताना एकामागून एक पळणारी माणसं बाहेर येताना हसत होती, एक दुसऱ्याला लहान मुलासारखं सायकलवर बसवून नेत होता. त्याने फाटक उघडलं.

ओट्यापाशी डॉक्टर उतरले. बायको दारात उभी होती. तिने खुर्चीकडे बोट केलं. डॉक्टरांनी कोपरापर्यंत हात धुतले, नवे हातमोजे चढवले. वकील आपणहून खुर्चीत आडवे झाले आणि त्यांनी तोंड उघडलं. मग त्याच उघड्या तोंडाने विचारलं, "आआ-आआ आआँ आआ?"

दातांच्या डॉक्टरला ही भाषा येते. वकील विचारत होते, पायऱ्या उतरताना काय वाटलं?

"सांगतो ना," डॉक्टर म्हणाले. "पहिल्या पायरीला वाटलं, आता संपलं. दुसरीला वाटलं, अजून नाही संपलं. आणि तिसरीपासून मी मोजायचंच विसरलो, इतकं ते..." बोलता बोलता त्यांचा हात आपलं काम करत होता. "थुंका आता."

"आअँ?"

"झालं. ही तुमची दाढ."

वकिलांनी ताटलीतल्या दाढेकडे असं पाहिलं, जणू ती दुसऱ्याच कुणाची असावी.

संध्याकाळी मेहुणी सायकल न्यायला आली. वकील घरी जायला तयार नव्हते. गालात कापूस धरून ते बाकावर बसले होते, कारण अशी सायकल कुठे मिळते, हे त्यांना मालकिणीला विचारायचं होतं. टायरच्या खाचांत अडकलेलं पान मेहुणीने काढलं आणि बहिणीकडे पाहिलं. बहिणीने सगळं सांगून टाकलं, खांबासकट.

डॉक्टर ओरडा खायच्या तयारीने उभे राहिले. पण मेहुणीच्या कपाळावर राग नव्हता, नुसती आठी होती.

"ते सगळं ठीक आहे भाऊजी. पण उतरायला काय अडचण होती?"

"अडचण? पाय पोचत नव्हते!"

मेहुणी सायकलवर बसली. हँडलच्या डाव्या मुठीखालची छोटी कळ तिने अंगठ्याने दाबली. सीट तिच्यासकट सुस्कारा टाकत हळूहळू खाली गेली, वीतभर तरी. तिचे गुडघे वाकले आणि तळपाय जमिनीवर सपाट टेकले.

वकिलांनी गालातला कापूस या बाजूने त्या बाजूला केला.

"ही कळ दिसली नाही तुम्हाला?"

"दिसली की," डॉक्टर हळूच म्हणाले. "मी दाबलीही. पायऱ्यांवर दोनदा दाबली. पण तेव्हा मी उभा होतो ना."

"अहो, बसून दाबायची असते ती! पण उभ्याने दाबलीत तरी कशाला?"

"मला वाटलं, घंटी आहे," डॉक्टर म्हणाले. "वाजली नाही, म्हणून मग तोंडानेच ओरडत गेलो."