शेडकार्डात नसलेला रंग

एक विचारतो, घाईनं उत्तर देऊ नका. विश्वास कोणावर ठेवावा? पुस्तकं वाचून बोलणाऱ्यावर की दुकान चालवून बोलणाऱ्यावर? मी दुकानवाला आहे, आणि तरीही सांगतो, आधी ऐकून घ्या.

माझं रंगांचं दुकान. शिक्षण बेताचं, पण शेडकार्ड तोंडपाठ. बैठकीच्या भिंतीसाठी हिनं रंग निवडला. निवडला म्हणजे कसा? कार्ड उन्हात धरलं, दिव्याखाली धरलं, सोफ्याला टेकवलं, शेवटी माझ्या गालाला लावलं. (‘हलू नका हो, तुम्हीही इथंच बसणार आहात ना?’) ठरला तो ‘धुक्यातला मोती’. नाव मोत्याचं, रंग आपला पांढुरका करडा.

आता आमच्या धंद्यातली एक गोम सांगतो. ‘मशीनवर मिसळलेला रंग परत घेतला जाणार नाही’ अशी दुकानात ठळक पाटी आहे. गिऱ्हाईक ती वाचतं आणि तिच्याच खाली डबा ठेवून निघून जातं. असे अनाथ डबे माझ्या मागच्या खोलीत साठतात. त्यातले तीन जवळजवळ मोत्यासारखेच होते. (या ‘जवळजवळ’नं भल्याभल्यांना बुडवलंय.) म्हटलं, नवा डबा कशाला फोडा? तिन्ही बादलीत ओतले, ढवळले आणि रंगारी बोलावला.

भिंत वाळली, ती किंचित गुलाबी, किंचित मातकट. संध्याकाळी तर चक्क लाजल्यासारखी दिसायची. ही दारात उभी राहून बराच वेळ बघत राहिली.

‘छान झालाय,’ ती म्हणाली. ‘कार्डावर वेगळा दिसतो, भिंतीवर वेगळा, नाही?’

‘अगदी!’ मी म्हणालो, आणि सुटलो असं समजलो.

पण हिची धाकटी बहीण आली नि भिंत बघून हरखली. तिचं पहिलंच स्वतःचं घर, तिला हाच रंग हवा. हिनं शेडचा नंबर दिला. मी बाहेरगावी, दुकानातल्या माणसानं नंबर बघून अस्सल मोती काढून दिला. धाकटीच्या घराचा दवाखाना झाला. आत गेलं की आपोआप जीभ बाहेर काढावीशी वाटते.

तिनं फोनवर तोंड सोडलं. ‘भावोजींनी स्वतःच्या घराला चांगला माल लावला आणि मला हलका दिला!’

‘माझा नवरा चिक्कू असेल,’ ही कडाडली, ‘पण खोटा नाही!’

हे मी न्हाणीघरात ऐकलं आणि हातातला साबण सुटला. दोघी बहिणींचं बोलणं बंद झालं. रोज सकाळी तासभर चालणारा फोन मुका झाला, आणि ही त्या वेळेला उगाचच खिडकी पुसत बसू लागली.

या दोघींचा मधला भाऊ कॉलेजात नीतिशास्त्र शिकवतो. आम्ही त्याला प्रोफेसरच म्हणतो. गेलो त्याच्याकडे आणि सगळं ओकलो.

‘भावोजी, सत्य बोलणं हे कर्तव्य,’ प्रोफेसर म्हणाला. ‘दारात खुनी आला आणि घरात लपलेल्या मित्राबद्दल विचारू लागला, तरी खोटं बोलायचं नाही, असं मानणारे थोर लोक होऊन गेले.’

‘आणि मित्र?’

‘मित्राचा प्रश्न वेगळा.’

(मित्राला हे आधी सांगायला हवं होतं.)

‘दुसऱ्यांचं म्हणणं, जास्तीत जास्त लोकांचं सुख बघा.’

‘मग गप्प बसतो. तुझी ताई भिंतीवर खूश आहे.’

‘आणि धाकटी?’

‘एक खूश, एक नाखूश. फिटंफाट!’

‘सुख असं मोजत नाहीत, भावोजी.’

‘मग कसं मोजतात?’

‘त्यावरच वाद आहे.’

एवढ्यात बेल वाजली. प्रोफेसरनं दाराच्या भोकातून पाहिलं नि पांढराफटक पडला. दोघी बहिणी! निवाड्यासाठी भावाकडेच आलेल्या. मी पडद्यामागे.

‘हे इथं आलेत का रे?’ हिचा आवाज.

‘नाहीत,’ प्रोफेसर म्हणाला.

‘मग या चपला कोणाच्या?’

‘एका... विद्यार्थ्याच्या.’

‘अंगठ्यावर रंग सांडलेला?’

‘चित्रकलाही घेतलीय त्यानं.’

पडद्याच्या फटीतून मला त्याचे कान दिसत होते. पिकल्या टोमॅटोसारखे लाल. जन्मभर सत्य शिकवत आलेला माणूस, आणि माझ्या तीन डब्यांपायी खोट्यावर खोटं रचत होता. माझंच मला राहवेना. बाहेर आलो आणि बादलीची कहाणी सांगून टाकली.

ही म्हणाली, ‘मला पहिल्याच दिवशी कळलं होतं. कार्ड भिंतीला लावून बघितलं मी. रंगवाल्याची बायको आहे, आंधळी नाही.’

‘मग बोलली का नाहीस?’

‘तो मोती मला निवडल्याच्या दुसऱ्याच दिवशी आवडेनासा झाला होता. तुम्हाला एवढी कार्डं आणायला लावल्यावर सांगू कुठल्या तोंडानं? तुम्ही चुकलात, मी सुटले.’

‘आणि मला तोच नंबर दिलास?’ धाकटी ओरडली.

‘मग काय, तुझ्या भावोजींना तुझ्यासमोर खोटं पाडू?’

‘म्हणजे तुमच्या दोघांच्या प्रेमात माझं घर पांढरं झालं!’ धाकटीनं हात कपाळाला लावला, पण हसू काही तिला आवरलं नाही. दोघी खिदळतच स्वयंपाकघरात चहा टाकायला गेल्या.

मी प्रोफेसरला विचारलं, ‘तुझ्या शास्त्राचा साध्या माणसाला उपयोग काय रे?’

तो कान चोळत म्हणाला, ‘निर्णय ते देत नाही, भावोजी. पण चुकीचा घेतला की झोप उडवतं.’ मला पटलं. आमचे काही डबे तेवढीसुद्धा हमी देत नाहीत.

तर आता धाकटीला तोच लाजरा रंग द्यायचाय, आणि तो कुठल्याच कार्डात नाही. दर सुट्टीला मी नि प्रोफेसर दुकानामागे बादल्या ढवळतो. अजून जमलेला नाही. त्या प्रयोगांतून आमच्या संडासाला मात्र रंगाचे तीन हात झालेत.

तुम्हाला एकच विनंती. या प्रकरणात कोण किती खोटं बोललं, याचा हिशेब मांडाल तो प्रामाणिकपणे मांडा. माझ्या नावावर माझं लिहा, प्रोफेसरच्या नावावर त्याचं. हिचा रकाना तेवढा कोरा ठेवा. हे छापण्याआधी ती वाचणार आहे.